त्या पोराचं नाक बरोबर होतं

आज संध्याकाळी एका मॉलमधल्या परफ्यूम काउंटरवर जे पाहिलं त्यानं डोकं फिरलंय, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

वीस-बावीसचं पोरगं, सोबत एक मित्र. पोरानं स्वतःहून विचारलं, "दादा, काही वेगळं दाखवा ना, नेहमीचं नको." नागपुरात हा प्रश्न विचारणारं गिऱ्हाईक दिवसातून किती येत असेल? काउंटरवाल्यानं निशिगंधाचा एक जबरदस्त निश (छोट्या, खास ब्रँडचा) परफ्यूम काढला, इथवर शाबास. आणि मग न विचारता पोराच्या मानेवर चार फवारे मारले. चार! बंद एसी, आजूबाजूला दिवसभर मारलेल्या बाटल्यांचा ढग. पोरगं दोन पावलं मागे सरकलं. "अबे, हे तर बाम आहे बे!" मित्र खिदळला. काउंटरवाला म्हणाला, "फ्लोरल आहे ना सर, लेडीज लोकच घेतात." संपलं. पोरगं निळ्या बाटलीतला, गल्लीतल्या प्रत्येकाकडे असतो तो वास घेऊन गेलं.

राजेहो, त्या पोराचं नाक शंभर टक्के बरोबर होतं. निशिगंधात मिथाइल सॅलिसिलेट असतं. मुरगळलेल्या पायाला जे मलम चोळतो त्याच्या वासातला मुख्य घटक तोच. फूल ताजं असताना नाक अगदी पाकळ्यांत घालून बघा, गोडव्याच्या आधी तो थंड, औषधी झटका येतो. चांगला परफ्यूमर, म्हणजे परफ्यूम रचणारा, तो लपवत नाही. म्हणजे पोरानं पहिल्या दोन सेकंदांत फुलाचा खरा अंश ओळखला होता. तिथे कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं, "बरोबर ओळखलंस भाऊ, आता वीस मिनिटं थांब." त्याऐवजी त्याला बायकांचं-पुरुषांचं शिकवलं.

पांढऱ्या फुलांचं सगळ्यांचंच असं आहे. मोगरा, जाई, निशिगंध, संत्र्याचा बहार, सगळ्यांत इंडोल नावाचा पदार्थ असतो. शुद्ध इंडोल पांढरं, स्फटिकासारखं असतं आणि त्याला कपाटातल्या डांबरगोळीचा वास येतो. प्रमाण वाढलं तर त्याहून घाण, विष्ठेकडे झुकणारा. पण अगदी थोडं असलं की तेच फुलाला जिवंतपणा देतं. इंडोल काढून टाकलेला मोगरा म्हणजे बाथरूम फ्रेशनर. रात्री केसांत माळलेला गजरा सकाळी उशीवर तपकिरी पडलेला असतो, त्याचा वास जड, जरासा कुजका आणि तरी हवाहवासा असतो. ज्यांना तो आवडतो त्यांना हे परफ्यूम आवडणारच, फक्त नीट ओळख करून द्यायला हवी.

तर ओळख नीट कशी करायची ते सांगते, कारण काउंटरवर कोणी सांगणार नाही.

पहिली भेट कागदावर. कागदाच्या पट्टीवर एक फवारा, साधारण एक वीत अंतरावरून. लगेच नाकाला लावू नका. पहिल्या अर्ध्या मिनिटात फक्त अल्कोहोल उडतं आणि तेच नाकात चावतं. तीस सेकंद थांबा, मग पट्टी नाकापासून दोन बोटं दूर धरून हलकं हुंगा. नाकाला टेकवलीत तर परफ्यूम नाकावर लागेल आणि पुढचं सगळं त्याच वासाचं येईल. पट्टीवर पेनानं नाव लिहा. ती बंद पाकिटात घालू नका आणि इतर पट्ट्यांबरोबर तर अजिबात नको, सगळं एकमेकांत मिसळतं. घरी नेऊन पुस्तकांच्या कपाटाजवळ उघडी ठेवा. तासानं, रात्री, सकाळी, असं पुन्हा पुन्हा हुंगा. सकाळी जे उरतं तो तळ, आणि तुम्ही दिवसाचा मोठा भाग त्याच्यासोबतच काढणार आहात. तळ आवडला नाही तर वरची फुलं कितीही सुंदर असोत, पुढे जाऊ नका.

एका वेळी तीनच्या वर नको. नाक थकतं. आणि ती कॉफीच्या बियांची वाटी? दिखावा आहे. कॉफी हुंगून नाक कोरं होत नाही, आणखी एक वास चढतो. स्वतःच्या कोपराच्या आत, जिथे काही लावलेलं नाही तिथे, नाक खुपसून दोन श्वास घ्या किंवा सरळ मॉलच्या बाहेर या.

दुसरी भेट कातडीवर. एकच फवारा. आणि मानेवर नाही! मानेवर मारलेला वास थेट नाकाखाली असतो, हात लांब करता येतो तशी मान लांब करता येत नाही. त्या पोराचं नेमकं हेच झालं, पळायला जागाच नव्हती. कोपरापासून चार बोटं खाली, हाताच्या आतल्या बाजूला मारा. फार वाटलं तर बाही खाली करा. मनगटावर मनगट घासायची सवय असेल तर सोडा. घासल्यानं त्वचा गरम होते, वरचे हलके वास पटकन उडतात आणि ज्या सुरुवातीसाठी परफ्यूमरनं जीव काढलेला असतो ती तुम्हाला दिसतच नाही.

मग घड्याळ बघा. पहिली पंधरा-वीस मिनिटं पांढरी फुलं भांडतात. निशिगंध असेल तर बाम, कापूर, कधी रबर, कधी पेट्रोल. पाऊण तासाच्या आसपास दुधाळ, लोण्यासारखा गोडवा वर येतो, थोडा नारळ, थोडा पीच. ते लॅक्टोन नावाच्या दुधाळ वासाच्या रेणूंचं काम. तीन-चार तासांनी चंदन, कस्तुरीसारखे मस्क, कातडीला चिकटलेला वास. निर्णय इथे घ्यायचा, त्याआधी नाही.

अर्ध्या तासात स्वतःला वास यायचा बंद झाला म्हणून आणखी फवारे मारू नका. तुमचं नाक सरावलंय, शेजाऱ्याचं नाही. काही मस्कचे रेणू तर काही लोकांना मुळीच जाणवत नाहीत. नवऱ्याला, आईला, मैत्रिणीला दोन फुटांवरून विचारा.

सहन होत नसेल तर आधी धुवायला धावू नका, नुसत्या पाण्यानं हे जात नाही. कापसावर साधं स्पिरिट किंवा बिनवासाचं सॅनिटायझर घेऊन पुसा, मग चमचाभर खोबरेल चोळा, मग साबण. ओढणीवर, शर्टावर मारलं असेल तर दोन दिवस विसरा. रेशमावर तर मारूच नका, पैठणीवर पडलेला तेलकट डाग ड्रायक्लीनवालासुद्धा हात जोडून परत देतो.

आता ते "लेडीज लोकच घेतात". ह्या वाक्यानं माझं डोकं सगळ्यात जास्त फिरलंय. आपल्याकडे लग्नात दाराशी उभं राहून पुरुषांच्या हातावर अत्तर लावतात ते कशाचं असतं? गुलाबाचं, मोगऱ्याचं, केवड्याचं. कानामागे अत्तराचा फाया ठेवून फिरणारे आजोबा काय लॅव्हेंडर आणि डिझेल लावून फिरत होते? गुलाबदाणी, अत्तरदाणी घरात पुरुषांच्या बैठकीत असायची. फुलं बायकांची आणि लाकूड-चामडं पुरुषांचं ही वाटणी बाटल्या विकणाऱ्यांनी केली. बरं, वासाला मिशा असतात का? त्या पोराच्या कातडीवर तासाभरानं तो निशिगंध काय सुंदर बसला असता, हे त्याला आता कधी कळेल कुणास ठाऊक.

जाऊ दे. फुलांकडे येते.

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, पण आपल्याकडे इतका रुजलाय की नागपूरच्या सीताबर्डीतल्या फुलबाजारात त्याच्याशिवाय हार बनत नाही. निशिगंध आणि मोगरा-जाई ह्या फुलांची गंमत अशी की तोडल्यावरही ती वास बनवत राहतात. म्हणून फ्रान्समधल्या ग्रासमध्ये पूर्वी काचेवर चरबीचा थर देऊन त्यावर ताजी फुलं मांडायचे. फूल वास सोडत राहायचं, चरबी शोषत राहायची. मग जुनी फुलं काढून नवी मांडायची, चरबी वासानं तुडुंब होईपर्यंत. नंतर ती अल्कोहोलनं धुतली की अर्क हाती. वाफेवर उकळून ह्या फुलांचा नाजूक वास धड मिळत नाही. आता हेक्झेनसारख्या द्रावकानं काढतात, आधी काँक्रीट नावाचा मेणचट गोळा, मग त्यातून ॲब्सोल्यूट, म्हणजे शुद्ध अर्क. ही फुलं आज मोठ्या प्रमाणावर तमिळनाडू-कर्नाटकात पिकतात आणि त्यांचा अर्क परदेशी बाटल्यांत जाऊन आपल्याकडे पाच आकडी किमतीत परत येतो. हसावं की रडावं.

कुठले हुंगावेत म्हणाल तर तीन नावं, आधी ब्रँड, मग परफ्यूम. 1948 चा रोबेर पिगेचा फ्राका, जर्मेन सेलिएनं बनवलेला, लोण्यात घोळलेला, मोठ्या आवाजाचा. ह्यानं सुरुवात करू नका, पण कधीतरी हुंगाच, निशिगंधाचा मापदंड आजही तोच. 1999 चा सर्ज ल्युतांसचा ट्युबेरूझ क्रिमिनेल, ज्याची सुरुवातच मेंथॉल आणि पेट्रोलची आहे. बामाचा झटका ज्यांना मुद्दाम अनुभवायचाय त्यांनी हाच घ्यावा आणि वीस मिनिटं तग धरावा, पुढे जे फूल उघडतं त्याला तोड नाही. आणि 2005 चा फ्रेडरिक मालचा कार्नल फ्लॉवर, डोमिनिक रोपियाँचा. निलगिरीसारखा हिरवा गारवा, मग दुधाळ नारळ. नवख्यासाठी हाच. ते पोरगं भेटलं असतं तर हाच दिला असता, हातावर, एक फवारा.

महाग आहे, मान्य. पूर्ण बाटलीच्या पैशात चांगला कूलर येतो. म्हणून बाटली घेऊच नका. दोन मिलीचं डिकँट घ्या, म्हणजे मूळ बाटलीतून छोट्या कुपीत काढलेला परफ्यूम, त्यात वीस-पंचवीस फवारे निघतात आणि पांढऱ्या फुलांचे वीस फवारे म्हणजे वीस संध्याकाळी.

कूलरवरून आठवलं. आपल्या हवेत ह्या परफ्यूमचं वेळापत्रकच वेगळं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो, हवा कोरडी ठक्क, त्वचा कोरडी. वरचे वास दहा मिनिटांत उडतात आणि जड फुलं अंगावर येतात. दुपारी निशिगंध लावून बाहेर पडणं हा गुन्हा आहे, माझ्यासारखीसुद्धा करणार नाही. घरात नव्या वाळ्याच्या ताटीचा कूलर सुरू असेल तर पहिली चाचणी तिथे नको, वाळा सगळं झाकतो आणि पंखा उरलेलं उडवतो. ओळख झाल्यावर मात्र गंमत करून बघा. खसाच्या, म्हणजे वाळ्याच्याच, अत्तराचा काडीच्या टोकाएवढा ठिपका मनगटावर, वर निशिगंधाचा एक फवारा. खसाचा मातकट गारवा फुलाचा चिकटपणा ओढून घेतो. पावसाळ्यात ओलसर हवेत वास घट्ट वाटतो आणि रेंगाळतो, अर्धा फवारा पुरे. सगळ्यात उत्तम काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, संध्याकाळी. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा, वास जास्त वेळ टिकतो.

जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार फुटतो तेव्हा काटोल-नरखेडच्या बाजूला कुणाची संत्र्याची बाग असेल तर सकाळी लवकर जाऊन उभे राहा. नेरोली नावाचं सुगंधी तेल काढतात ते कडू संत्र्याच्या फुलांपासून, आपलं संत्रं वेगळं, त्याचा बहार जरा हलका. तरी घराणं एकच. हा वास एकदा नाकात बसला की ऑरेंज ब्लॉसमच्या नावाखाली साबण विकणारी बाटली तुम्हाला लांबूनच कळेल.

एक गोष्ट नाइलाजानं कबूल करते. ज्यांना मायग्रेन किंवा दमा आहे त्यांना ही फुलं खरंच त्रास देतात, तो नखरा नसतो. ऑफिसच्या बंद केबिनमध्ये, शेअर ऑटोत, दवाखान्यात पांढरी फुलं लावून जाऊ नका. जेवणाच्या पंगतीतही नको, वरणावर निशिगंध कुणाला हवाय.

परदेशी नको असेल तर मोमिनपुऱ्यात अत्तरवाल्याकडे जा, मोगऱ्याची तीन मिलीची कुपी मागा. पण विचारून घ्या की तळ कशाचा आहे. पूर्वी चंदनाच्या तेलावर उतरवायचे, आता चंदन परवडत नाही म्हणून बहुतेक स्वस्त अत्तरं लिक्विड पॅराफिन नाहीतर दुसऱ्या कुठल्या पातळ द्रावकावर असतात. फार स्वस्त मोगरा हा मोगरा नसतो, पण सरावाला चालतो. काडीनं एकच ठिपका, चोळायचं नाही, इथेही तेच.

डिकँट घेताना विकणाऱ्याकडे मूळ बाटलीचा आणि तळाच्या बॅच कोडचा (कोणत्या खेपेची बाटली ते सांगणाऱ्या आकड्यांचा) फोटो मागा. कुरकुर केली तर सोडून द्या. काचेची कुपी घ्या, प्लास्टिकमध्ये वास बिघडतो. आणि घरी आणल्यावर आरशासमोर मांडून ठेवू नका. ऊन आणि उष्णता ह्या दोन गोष्टींनी परफ्यूम मरतो, आधी वरचा ताजेपणा जातो, मग रंग गडद होतो, मग आंबूस वास येतो. खोक्यात घालून कपाटाच्या खालच्या खणात, भिंतीकडच्या बाजूला. गाडीच्या डॅशबोर्डवर तर चुकूनही नाही, नवतप्यात (मे अखेरच्या नऊ कडक दिवसांत) बंद गाडीत निशिगंधाचं काय होतं ते बघायला पाच आकडी रक्कम घालवायची गरज नाही.