दोन्ही शब्दप्रयोग एक नव्हेत

इंग्रजीतले 'रुकी मिस्टेक' (नवख्याची चूक) आणि 'टीदिंग ट्रबल्स' (सुरुवातीच्या अडचणी) हे शब्दप्रयोग समानार्थी आहेत, असं त्यांच्यावरच्या एका लेखात म्हटलंय. ते चूक आहे. पहिल्यात चूक माणसाची असते, आणि तीही सरावलेला माणूस सहसा करणार नाही अशी: बॅकअप न घेता फाइल पुसणं, अटॅचमेंट न जोडताच मेल पाठवणं. दुसऱ्यात रोख माणसावर नसतोच. नवी यंत्रणा सुरू होताना येणाऱ्या तात्पुरत्या अडचणी त्या. नव्या सॉफ्टवेअरच्या कुरबुरींना 'रुकी मिस्टेक' म्हटलं, की ते बनवणाऱ्यांवर नवखेपणाचा ठपका बसतो.

'रुकी मिस्टेक'सोबत येणारं क्रियापदही लेखात सांगायला हवं होतं: 'मेक', 'डू' नव्हे. मुरलेल्या माणसाच्या हातून अशी चूक झाली तरी हा प्रयोग चालतो, किंबहुना तिथे जास्त झोंबतो. म्हणून वरिष्ठांना लिहिलेल्या औपचारिक मेलमध्ये तो टाळावा.