केमन घेतली, वस्ताद कुठाय?

परवा रविवारी सकाळी सहाला शिरोली पुलाजवळच्या पंपावर पेट्रोल भरत होतो. शेजारी एक पोरगा नवी कोरी स्पोर्ट्स कार घेऊन थांबला. बॉनेटवरचा हारसुद्धा अजून सुकला नव्हता. वय असेल सव्वीस-सत्तावीस. माझी पोर्शे केमन बघून आपणहून बोलायला आला. म्हणाला, "दादा, आंबोलीला निघालोय. आज बघतोच किती पळते ते."

मी त्याला गाडी बाजूला लावायला सांगितली. दोघांनी चहा घेतला आणि अर्धा-पाऊण तास बोललो. अशी गाडी कोचकडून शिकून घ्यावी लागते, हे त्याला सांगितलं ते इथंही लिहितोय, कारण कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी या पट्ट्यात आता अशा गाड्या बऱ्याच दिसायला लागल्यात आणि त्या घेणाऱ्यांना हे कोणीच सांगत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यातून सेकंडहँड पोर्शे ७१८ केमन घेतली. दोन लिटरचं टर्बो इंजिन, ३०० हॉर्सपॉवर, आणि ते इंजिन सीटच्या बरोबर मागं. फाउंड्रीत पंचवीस वर्षं घाम गाळल्यावर केलेली ही एकच हौस. गाडी चालवायला मी अठराव्या वर्षी वडिलांच्या पद्मिनीवर शिकलो, नंतर ट्रॅक्टर, टेम्पो, सगळं चालवलं. लाखो किलोमीटर झाले असतील. त्यामुळं मला गाडी येते, याबद्दल मनात तिळमात्र शंका नव्हती.

लायसन्सचंच बघा. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढला की कार्ड मिळतं. त्याच कार्डावर आल्टो चालवता येते आणि त्याच कार्डावर पाच सेकंदांत शंभर गाठणारी गाडीही. शोरूममध्ये किल्ली देताना फोटो काढतात, पेढे देतात, ब्लूटूथ कसं जोडायचं ते अर्धा तास दाखवतात. ब्रेक किती जोरात दाबायचा, हे दाखवत नाहीत.

आणि आपण तर कोल्हापूरची माणसं. आपल्याकडं पोराला तालमीत घातलं तर पहिल्या दिवशी कोणी लढायला लावत नाही. आधी आखाडा खणायचा, महिनोन्महिने जोर-बैठका मारायच्या, वस्तादांची नजर अंगावर घ्यायची. मग कधीतरी तोलामोलाची जोड लावून देतात. मी लहानपणी तीन वर्षं गंगावेशीकडं तालमीत जायचो. मैदान नाही मारलं कधी, पण शरीर आपल्याला वाटतं तसं आपलं ऐकत नाही, ते बाहेरून बघणाऱ्यालाच दिसतं, हे तिथं शिकलो. खासबागेत उतरणाऱ्या पैलवानाला आपण पहिल्यांदा विचारतो, वस्ताद कोण? मग ३०० घोड्यांवर बसताना हा प्रश्न आपल्या मनातही का येत नाही?

मला तो प्रश्न एका मित्रानं विचारला. त्यानंच माझं नाव मद्रासच्या रेसिंग ट्रॅकवरच्या दोन दिवसांच्या ड्रायव्हिंग कोचिंगला घातलं. चेन्नईच्या अलीकडं, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला हा ट्रॅक आहे, ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. आमच्या शिरोली एमआयडीसीवरून जाणारा हायवे, एनएच ४८, तोच बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत थेट तिथवर जातो. नऊशेच्या वर किलोमीटर. गाडी ट्रेलरवर पाठवली.

कोच कोइंबतूरचे, साठीच्या घरातले, अगदी हळू आवाजात बोलणारे. मला वाटलं होतं, हेल्मेट घालून थेट ट्रॅकवर. त्यांनी पहिली वीस मिनिटं गाडी सुरूच करू दिली नाही. माझी बसायची पद्धत बघितली आणि सीट पुढं घेतली, पाठ उभी केली. ब्रेक तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा वाकलेला राहिला पाहिजे. खांदे सीटला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. हात नऊ आणि तीनवर. तीस वर्षं मी मागं रेलून एका हातानं गाडी चालवत होतो. त्या बैठकीत ब्रेकवर पूर्ण जोर देणं शक्यच नव्हतं, कारण पाय आधीच ताणलेला असायचा. एवढी साधी गोष्ट, पण तीस वर्षांत एका माणसानं सांगितली नव्हती.

मग ब्रेक. सरळ पट्ट्यावर शंभरचा वेग धरायचा आणि खुणेला ठेवलेल्या शंकूपाशी पूर्ण ताकदीनं ब्रेक. मी दाबला, गाडी थांबली, मला वाटलं झकास. सर म्हणाले, "हा अर्धाच होता. पुन्हा." दुसऱ्यांदाही अर्धाच. चौथ्या वेळी पायाखाली एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, थरथर लागली, छातीवर पट्टा रुतला आणि गाडी आधीच्यापेक्षा कितीतरी अलीकडं उभी राहिली. पॅडल खडखडायला लागलं की आपण घाबरून पाय सैल करतो आणि गाडीत असलेला निम्मा ब्रेक वापरतच नाही. सरांनी सांगितलं की बहुतेक सगळे पहिल्या दिवशी हेच करतात.

तिथंच त्यांनी हिशेब मांडला. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २८ मीटर. चांगल्या टायरवर, कोरड्या रस्त्यावर अशी गाडी शंभरवरून चाळीसेक मीटरच्या आत थांबते. वेग दुप्पट झाला की अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. दोनशेला दीडशे मीटरच्या आसपास, आणि तेही पाय ब्रेकवर पोचल्यानंतरचे. पाय पोचायला एक सेकंद गेला तर ५६ मीटर त्याआधीच संपलेले. आता आंबोलीच्या घाटात धुक्यात समोर किती दिसतं ते आठवा.

दुपारी त्यांनी एक गोष्ट केली ती मी जन्मभर विसरणार नाही. मी गाडी चालवतोय, ते डावीकडच्या सीटवर. त्यांनी हात लांब केला आणि माझ्यासमोरच्या काचेचा खालचा भाग तळहातानं झाकला. बॉनेटपुढचा दहा-पंधरा मीटरचा रस्ता दिसेना. पहिलं वळण फार भीतीनं घेतलं. मग नाइलाजानं नजर लांब गेली, वळणाच्या आतल्या टोकाला, तिथून बाहेर पडायच्या जागेला, आणि दोन फेऱ्यांत हात आपोआप शांत झाले. वळणात मी स्टिअरिंग तीन-चारदा दुरुस्त करायचो, ते एकदाच वळवायला लागलो. गाडी नजरेमागं जाते. खड्ड्याकडं बघत राहिलं की चाक खड्ड्यातच जातं, हे आपल्याला मोटरसायकलवरून माहीत असतं, पण कारमध्ये बसल्यावर आपण ते विसरतो.

दुसऱ्या दिवशी मी चुकलो. एका लांब वळणात वेग जरा जास्त झालाय असं वाटलं आणि दचकून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. गाडीचं वजन झपकन पुढं गेलं, मागची चाकं हलकी झाली आणि मागचा भाग बाहेर निघाला. गाडी घसरायला लागली की सावरणाऱ्या स्टॅबिलिटी कंट्रोलला स्पोर्ट मोडमध्ये थोडी ढील असते, तेवढी पुरली. सरांनी आदल्या दिवशी घोकून घेतलं होतं: फिरली, तर ब्रेक तळाला आणि तिथंच. तेवढं केलं. अर्धी गिरकी, धुरळा, शांतता. गाडीला ओरखडा नाही, कारण बाजूला मोकळी जागा होती. सर रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "उजव्या पायानं काय केलं?" मला सांगता येईना. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकबाजूच्या थांब्यावर, येऊन नोंदलेला डेटा बघितला तर ॲक्सिलरेटरची रेघ कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली आलेली. जे पायानं केलं ते डोक्याला माहीतच नव्हतं.

हीच चूक घाटात झाली असती तर? बाजूला मोकळी जागा नसते, कठडा असतो. कठड्यापलीकडं दरी, नाहीतर समोरून येणारी एसटी.

ग्रिप म्हणजे काय तेही तिथंच कळलं. चारही टायर मिळून जमिनीला टेकतात ते चार तळहातांएवढेच. ती पकड ब्रेकला वापरा, वळायला वापरा, नाहीतर वेग घ्यायला. सगळ्याला एकदम पुरत नाही. सरांच्या इंग्रजी-हिंदीतून हे ऐकताना माझ्या मनात आपलीच म्हण आली, अंथरूण पाहून पाय पसरावे. म्हणून ब्रेक सरळ रेषेत, मग तो हळूहळू सोडत वळायचं, आणि स्टिअरिंग सरळ होत जाईल तसा ॲक्सिलरेटर. संध्याकाळी सरांनी माझीच गाडी घेऊन तीन फेऱ्या मारल्या. मी शेजारी बसलो. टायर माझ्यापेक्षा कमी ओरडले, मान माझ्यापेक्षा कमी हलली, गाडी संथ चालल्यासारखी वाटली. घड्याळात ते माझ्यापेक्षा फेरीला नऊ सेकंदांनी पुढं होते. डेटातल्या त्यांच्या आणि माझ्या रेघा एकावर एक ठेवल्यावर दिसलं की फेरीतला बराच वेळ मी ना ब्रेकवर होतो ना ॲक्सिलरेटरवर, नुसताच भीतीनं तरंगत होतो. वस्ताद एक डाव हातचा राखून ठेवतात म्हणतात. या माणसानं एकही राखला नाही, उलट सगळे कागद छापून माझ्या हातात दिले.

गाडीची काळजीही तिथंच शिकलो. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल धरतं. जुनं असेल तर ट्रॅकवर तापून त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल मऊ पडतं. जाण्याआधी ते बदलून घ्यायचं. टायर तापले की हवेचा दाब वाढतो, दर सेशननंतर मोजायचा. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड करायचे आणि गाडी लावल्यावर पार्किंग ब्रेक ओढायचा नाही, चाकाखाली अडसर लावायचा. आणि हे आवर्जून वाचा: आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं. ट्रॅकवर जाण्याआधी विमा कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर ट्रॅकची फी, कोच, ट्रेलर, राहणं सगळं धरून माझ्या गाडीच्या चार टायरांना लागतात त्याहून थोडेच जास्त गेले. अलॉय, फिल्म आणि एक्झॉस्टवर लोक याच्या दुप्पट घालवतात आणि कोचिंग म्हटलं की हात आखडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पोर्शे म्हटलं की आपल्याकडं आता पहिल्यांदा कल्याणीनगर आठवतं. १९ मे २०२४ ची ती पहाट, दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी एका अल्पवयीन मुलाकडं होती. त्या प्रकरणावर कोचिंग हा उपाय नाही, तिथं किल्ली देण्यापासूनच सगळं चुकलं होतं. पण या गाड्यांकडं लोक आता ज्या नजरेनं बघतात ती चुकीची नाही, आणि ज्याच्याकडं अशी गाडी आहे त्यानं ती नजर स्वतःवर घेतलीच पाहिजे. मी घेतो. ट्रॅकवरून आल्यापासून रविवारची घाटातली पळापळ मी बंद केली. ऊस तोडणीच्या दिवसांत मागं दिवा नसलेल्या ट्रॉल्या रात्रभर रस्त्यावर असतात, तेव्हा तर मी साठच्या वर जातच नाही. गाडी किती पळते ते मला आता माहीत आहे. ते बघायला मला कोणाचा रस्ता लागत नाही.

चेन्नई लांब वाटत असेल तर सुरुवात घरातून करा. कोल्हापुरातच मोहित्यांचा कार्टिंग ट्रॅक आहे. कार्ट म्हणजे छोटी, बुटकी रेसिंग गाडी; तिच्यात बूड जमिनीपासून वीतभर वर असतं, चूक लगेच कळते, आणि नजर, ब्रेक, वळण घ्यायची रेषा हे तिन्ही धडे तिथंही तेच. कोइंबतूरला कारी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट पाच किलोमीटरचं, २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन तिथंच झाली होती; पण तिथली सरळ पट्टी फार लांब आहे, पहिल्याच वेळेला तिथं जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. कोच मात्र असा बघा जो शेजारी बसेल, डेटा दाखवेल आणि तुमची फेरी किती सेकंदांची झाली हे पहिल्या दिवशी सांगणारच नाही. आमच्या सरांनी माझं घड्याळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं.

तो पंपावरचा पोरगा त्या दिवशी आंबोलीला गेलाच. पण रात्री मेसेज आला, "दादा, सीट पुढं घेऊन चालवली. मोकळ्या रस्त्याला मागं कोणी नाही बघून ब्रेक दाबून बघितला. तुम्ही म्हणला तसं, अर्धाच दाबला गेला." कोचिंगच्या पुढच्या तुकडीला त्याचं नाव घातलंय. ट्रेलरवर दोन गाड्या बसतात, त्यामुळं भाडं निम्मं पडेल. कोल्हापूर-सांगलीतून आणखी कोणी गाडीशिवाय नुसतं बघायला येणार असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. माझ्याकडं एक हेल्मेट जादा आहे.