टायगर हिल मिराजने घेतलं नाही
कारगिल विजय दिवस जवळ आला की एक मेसेज सगळीकडे फिरतो. त्यात तीन गोष्टी असतात: टायगर हिल मिराज विमानांनी जिंकलं, पायदळाने फक्त झेंडा लावला, आणि वायुदल आधी उतरवलं असतं तर आठवड्यात सगळं संपलं असतं.

पहिल्या दोन गोष्टींना तारखाच उत्तर देतात. मिराज २००० विमानांनी टायगर हिलवर लेझरने नेम धरून बॉम्ब टाकले २४ जून १९९९ ला. शिखर हाती आलं ४ जुलैला. मधले दहा दिवस शत्रू वरच होता. १८ ग्रेनेडियर्सचे योगेंद्रसिंह यादव दोराने कडा चढत असताना वरच्या बंकरमधून मशीनगन सुरू झाली. खांद्यात आणि जांघेत गोळ्या घुसलेल्या असताना ते उरलेले साठेक फूट चढले आणि हातबॉम्ब टाकून त्यांनी तो बंकर गप्प केला. याला झेंडा लावणं म्हणणाऱ्याने एकदा त्या कड्याचा फोटो तरी पाहावा. शिवाय त्या चढाईआधी बोफोर्स तोफांनी शिखर भाजून काढलं होतं, त्यांचं तर मेसेजमध्ये नावही नसतं.

म्हणून विमानांचं मोल कमी होत नाही. १७ जूनला बटालिक भागात मुंथो ढालोचा रसदतळ मिराजनी उडवला. शिधा आणि दारूगोळा तुटला की शिखरावरचा बंकर आपोआप कमजोर होतो, आणि ते काम पायदळाला करता येण्यासारखं नव्हतं.

तिसरा मुद्दा. हवाई हल्ले २६ मे रोजी सुरू झाले आणि पुढच्या दोन दिवसांत एक मिग-२७, एक मिग-२१ आणि एक एमआय-१७ हेलिकॉप्टर आपण गमावलं. स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आणि हेलिकॉप्टरमधले चौघे गेले. खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्रांपासून दूर राहून, विरळ हवेत, ताबारेषा न ओलांडता नेम कसा धरायचा, हे वायुदलाने त्यानंतर लढता लढता बसवलं. आधी उतरले असते तर हाच धडा आधी मिळाला असता, इतकंच.

उशीर झाला हे मात्र खरं, आणि मला तोच भाग जास्त बोचतो. लष्कर सशस्त्र हेलिकॉप्टर मागत होतं. वायुदलाचं म्हणणं होतं की हल्ला करणारी हेलिकॉप्टर त्या उंचीवर चालणार नाहीत आणि हवाई हल्ल्याला सरकारची मंजुरी हवी. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या, पण हा खल लढाई पेटल्यावर चालला होता. तिन्ही दलांसाठी एक प्रमुख नेमावा अशी शिफारस मंत्रिगटाने २००१ मध्ये केली. ते पद भरलं गेलं जानेवारी २०२० मध्ये.