डोक्यावरचा बोजा

घर विकत घेताना माणूस भिंतींची ओल पाहतो, नळ सोडून पाहतो, शेजारी कसे आहेत याचीही आडून चौकशी करतो. छताकडे मात्र पहिला पाऊस गळेपर्यंत त्याची मान वर होत नाही. माझ्या छतावर १२ सौर पॅनेल होती आणि ‘ती घरासोबतच आहेत’ असे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा ती माझी झाली असे मी गृहीत धरले. ‘सोबत असणे’ आणि ‘मालकीचे असणे’ यांत किती अंतर असते, हे घरात मांजर असलेल्या माणसाला तरी कळायला हवे होते.

वीजबिलावर नाव चढवायला गेलो, तर नेट मीटरच्या, म्हणजे घेतलेली आणि ग्रिडला परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या, करारावर तिसऱ्याच गृहस्थांचे नाव निघाले. “पॅनेल कोणाची?” कारकुनाने विचारले. “माझी,” असे मी म्हणालो खरा. पण खरेदीखतात खिडक्या, भिंतीतली कपाटे, इतकेच काय, पाण्याची टाकीही नमूद होती आणि पॅनेलचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता.

वकिलांनी शांतपणे समजावले की, जमिनीला जे पक्के जोडले ते जमिनीचे, असे तत्त्व रोमन कायद्यापासून चालत आले आहे. मात्र करारात उलट लिहिलेले असेल, तर तत्त्वाने मुकाट्याने बाजूला व्हायचे असते. पॅनेल रोखीने घेतलेली असतील तर सहसा घराबरोबर येतात, कर्जावर घेतलेली असतील तर ते फिटेपर्यंत त्यांच्यावर बोजा राहू शकतो, आणि भाड्याने किंवा वीज खरेदी करारावर बसवलेली असतील तर ती कंपनीचीच राहतात. शिवाय असे करार बहुधा २० ते २५ वर्षांचे असतात. ‘बोजा’ हा शब्द कानी पडताच मी नकळत वर पाहिले.

मग शोधकार्य सुरू झाले. पॅनेलचे लेबल त्याच्या पाठीला असते आणि पाठ छताकडे असते, त्यामुळे मोबाईल काठीला बांधून मी फोटो काढले. (वायरींना हात लावला नाही, ऊन असेपर्यंत सुट्या पॅनेलच्या टोकांनाही व्होल्टेज असते, एवढे मी वाचून होतो.) लेबलवर कमाल शक्ती होती, व्होल्टेज होते, अनुक्रमांक होता, मालक सोडून सर्व काही होते. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरच्या उत्पादकाने त्यावरचा अनुक्रमांक ऐकून “खाते नोंदलेले आहे” असे आनंदाने सांगितले, पण कोणाचे, हे गोपनीयतेमुळे सांगता येईना. विक्रेत्याने “आम्ही घर घेतले तेव्हा होतीच की!” असे म्हणून हात झटकले. माझ्या छताला वंशावळ होती, फक्त मूळ पुरुष सापडत नव्हता.

तो नेट मीटरच्या करारावर पहिल्या दिवसापासून माझ्यासमोर होता, हे लक्षात यायला दोन महिने लागले. शोधून काढून फोन केला, तर गृहस्थ गहिवरले. “अजून चालतात?” त्यांनी पॅनेल विकत घेतलीच नव्हती, एका कंपनीने ती फुकट बसवून तयार होणारी वीज त्यांना युनिटप्रमाणे विकायचा २० वर्षांचा करार केला होता. यंदा त्याचे अकरावे वर्ष होते.

मी कंपनीला तीन पानी पत्र लिहिले, सोबत अनुक्रमांक, फोटो आणि मालकांचा क्रमवार इतिहास जोडला. उत्तर तीन दिवसांत आले आणि त्यात माझे मनःपूर्वक आभार मानले होते. मधल्या एका मालकाने राउटर बदलल्यापासून इन्व्हर्टरचा कंपनीशी संपर्क तुटला होता, बिले जुन्या पत्त्यावरून परत येत होती, आणि आपली पॅनेल सध्या कोणाच्या डोक्यावर आहेत हे कंपनीलाही ठाऊक नव्हते. ते आता पुराव्यानिशी कळले होते.

करार माझ्या नावावर करून घ्यावा किंवा उरलेली किंमत भरून पॅनेल विकत घ्यावीत, असे दोन पर्याय त्यांनी ठेवले आहेत. पॅनेल वर्षाला जेमतेम अर्धा टक्का थकतात, पण इन्व्हर्टर साधारण १० ते १५ वर्षांत राम म्हणतो. म्हणजे तो नेमका अखेरच्या घटका मोजत असतानाच माझा होणार. विचार करून कळवतो, असे मी लिहिले आहे. तोवर त्यांनी एवढेच मागितले आहे की, मी वायफायचा पासवर्ड इन्व्हर्टरमध्ये घालावा.