एडी जोन्सचं उदाहरण पुरतं पाहू या, भाऊ

नमस्कार भाऊ,

रग्बीच्या राष्ट्रीय संघाचा मुख्य कोच निवडताना नावाचा विचार सगळ्यात शेवटी करावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. एवढ्या तळमळीने लिहिलेल्या माणसाला 'धन्यवाद' म्हणून वाटेला लावणं मला जमणार नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात, जिथे रग्बीचा लांबोडा चेंडू दुकानात मिळत नाही, तिथे बसून या विषयावर लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे तुमचं पहिलं. ऑस्ट्रेलियाच्या एडी जोन्ससारखा मोठा परदेशी कोच आला की जपानसारखा दुबळा संघही दक्षिण आफ्रिकेला हरवतो, म्हणून भारतानेही असंच मोठं नाव आणावं, हे दुसरं. आणि हरलेल्या कोचला मुदत द्या म्हणणं म्हणजे अपयशाला पाठीशी घालणं, "पीक गेलं तर बियाणं बदलावंच लागतं," हे तिसरं.

अधिकाराचं लवकर आटोपतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे हुतूतू खेळून दाखवून आलं. खेळाबद्दल बोलायला आधी मुंबईत घर घ्यावं लागतं, असं तेव्हाही कोणी मानलं नाही. आणि रग्बीचंच म्हणाल तर आपल्या महिला संघात ओडिशाच्या आदिवासी पाड्यांतल्या आणि बिहारच्या लहान गावांतल्या मुली आहेत. भुवनेश्वरच्या कलिंगा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या आदिवासी मुलांनी २००७ साली लंडनला जाऊन १४ वर्षांखालची आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली होती. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. कबड्डीत कोपऱ्यावर उभं राहून घोटा धरणारी पोरं माझ्यासमोर रोज असतात, आणि कमरेखाली वाकून टॅकल करायला, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडायला, त्यांना फारसं शिकवावंच लागत नाही. या खेळाचं भारतातलं भविष्य खेड्यात आहे, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्या संघाच्या खुर्चीवर कोण बसतो याची मला काळजी आहे.

आता जपान. तुम्ही दिलेलं उदाहरण उत्तम आहे, पण ते अर्ध्यावर सोडलंत. १९ सप्टेंबर २०१५, इंग्लंडमधलं ब्रायटन, विश्वचषकातला सामना. त्याआधीच्या सगळ्या विश्वचषकांत मिळून जपानने एकच सामना जिंकला होता, तोही १९९१ साली झिम्बाब्वेविरुद्ध. आणि समोर दोन वेळचा जगज्जेता. शेवटच्या मिनिटांत जपान तीन गुणांनी मागे होता आणि त्यांना पेनल्टी मिळाली. चेंडू खांबांमधून मारला असता तर सामना बरोबरीत सुटला असता, आणि दक्षिण आफ्रिकेशी बरोबरी हीसुद्धा जगभर बातमी झाली असती. जोन्स वरून ओरडून तेच सांगत होता की तीन गुण घ्या. कर्णधार मायकेल लीचने ऐकलं नाही. त्याने स्क्रम मागितला, म्हणजे दोन्ही संघांनी खांदे भिडवून चेंडूसाठी रेटारेटी करायची, आणि कार्ने हेस्केथने ट्राय केला, म्हणजे समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून पाच गुण घेतले. ३४-३२.

म्हणजे कोचच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा विजय त्याचं न ऐकता मिळाला. माझ्या मते यात जोन्सचं मोठेपण कमी होत नाही, वाढतंच. मैदानावर स्वतः निर्णय घेणारे खेळाडू त्यानेच घडवले होते. मियाझाकीच्या शिबिरात पहाटे पाचला त्यांना मैदानात उतरवून, दिवसातून अनेकदा सराव घेऊन, तुम्ही लहान चणीचे आहात तर सामना वेगाने आणि दमाने जिंका, हे त्याने त्यांच्या अंगात मुरवलं.

पण हे त्याला जमलं कसं? जपानसाठी तो परका नव्हताच. त्याची आई जपानी वंशाची, बायको जपानी. नव्वदच्या दशकात त्याने तोकाई विद्यापीठाच्या पोरांना शिकवलं होतं. २०१२ ला राष्ट्रीय संघ हाती घेण्याआधी तो तिथल्या सनटोरी कंपनीच्या संघाचा कोच होता आणि त्यांना विजेतेपद मिळवून दिलं होतं. जपानमध्ये कंपन्यांच्या संघांची लीग होती, खेळाडूंना पगार होते, मैदानं होती. संघाकडे नक्की काय नाही हे जोन्सला ठाऊक होतं, आणि ते घडवायला त्याला जवळपास साडेतीन वर्षं मिळाली.

आता तोच माणूस ऑस्ट्रेलियात पाहा. जानेवारी २०२३ मध्ये आधीचा कोच डेव्ह रेनीला काढून जोन्सला आणलं. करार पाच वर्षांचा होता, पण विश्वचषक नऊ महिन्यांच्या आत. अनुभवी मायकेल हूपर आणि क्वेड कूपर यांना त्याने संघाबाहेर ठेवलं. फिजीने २२-१५ असं हरवलं, वेल्सने ४०-६ असं हरवलं, आणि ऑस्ट्रेलिया इतिहासात पहिल्यांदा गटातच बाद झाला. ऑक्टोबर संपायच्या आत जोन्सने राजीनामा दिला. नोव्हेंबरमध्ये त्याला आणणारे तिथल्या रग्बी संघटनेचे अध्यक्ष हॅमिश मॅक्लेनन यांनाही पद सोडावं लागलं. पुढच्याच वर्षी मेलबर्न रिबेल्स हा तिथला व्यावसायिक संघ पैशाअभावी बंद पडला. आजार नुसत्या कोचमध्ये नव्हता, संघटनेतच होता, हे त्यावरून कळतं.

मधला इंग्लंडचा काळ तर या दोन्हींपेक्षा वेगळा. २०१५ च्या विश्वचषकात यजमान असूनही इंग्लंड गटातच गारद झाला आणि स्टुअर्ट लँकेस्टरच्या जागी जोन्स आला. २०१६ ला ग्रँड स्लॅम (युरोपातल्या सहा देशांच्या स्पर्धेतले सगळे सामने जिंकणं), २०१९ ला विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि डिसेंबर २०२२ मध्ये हकालपट्टी. माणूस एकच, बुद्धी तीच, मेहनत तीच. नुसत्या नावाने काम होत असतं तर हे तीन निकाल इतके वेगळे आले नसते. माझं म्हणणं एवढंच आहे की निवडणाऱ्यांनी आधी आपल्या संघाला काय हवं आहे ते लिहून काढावं, त्याला किती वर्षं लागतील ते ठरवावं, आणि मग त्या कामाचा माणूस शोधावा. जपानने त्या कामासाठी नेमला, म्हणून जोन्स तिथे मोठा ठरला.

तुमचा बियाण्याचा मुद्दा मला आवडला, कारण तो आपल्या मातीतला आहे. पण मोड आले नाहीत म्हणून दुबार पेरणी करायच्या आधी कोणताही शहाणा शेतकरी पेरलेलं तास उकरून पाहतो. बी कुजलं, की ओल कमी पडली, की पेरणी खोल गेली, हे बघितल्याशिवाय तो कृषी केंद्रावर उधारी वाढवायला जात नाही.

न्यूझीलंडने २००७ मध्ये हेच केलं. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत कार्डिफला फ्रान्सकडून २०-१८ अशी हार झाली. त्या देशात तेव्हा काय संताप होता, ते आपल्याकडे क्रिकेटचा विश्वचषक हरल्यावर जे होतं त्यावरून समजा. १९९९ नंतर आणि २००३ नंतर त्यांनी कोच बदलले होते, त्यामुळे ग्रॅहम हेन्रीही जाणार असंच सगळे धरून चालले होते. समोर रॉबी डीन्ससारखा तगडा उमेदवार होता. बोर्डाने हेन्रीला पुन्हा अर्ज करायला लावला, दोघांच्या मुलाखती घेतल्या आणि हेन्रीलाच ठेवलं. पराभवाची स्वतंत्र चौकशीही केली. विश्वचषकासाठी ताजेतवाने राहावेत म्हणून २२ खेळाडूंना त्या वर्षीच्या सुपर १४ या व्यावसायिक संघांच्या स्पर्धेच्या पहिल्या टप्प्यातून बाहेर ठेवलं होतं, ते चुकलं, हे त्या अहवालात आलं. डीन्स ऑस्ट्रेलियाला गेला. २०११ मध्ये ईडन पार्कवर न्यूझीलंडने त्याच फ्रान्सला ८-७ असं हरवून विश्वचषक घेतला, कोच हेन्रीच. यात पाठीशी घालणं कुठे आलं? उलट चूक शोधून, ती ज्याला कळली आहे त्याच्याच हाती काम दिलं. (हेन्री मुळात शाळेचा मुख्याध्यापक. आयर्लंडच्या संघाला वर आणणारा कोच जो श्मिट हाही शिक्षकच. आणि आपल्या फुटबॉलला १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे शिक्षक होते. आमच्या पेशाचा अभिमान म्हणून सांगतो.)

घरचंच उदाहरण हवं असेल तर आपलं विदर्भ क्रिकेट बघा. १९५७-५८ पासून रणजी खेळतोय, पण पहिला करंडक मिळाला २०१७-१८ ला, इंदूरला दिल्लीला हरवून. कोच चंद्रकांत पंडित, मुंबईचे. तुम्ही म्हणाल, बघा, बाहेरचा मोठा माणूस आला आणि जिंकलो. पण त्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी किंवा कर्णधार फैज फजल काही पंडितांनी सोबत आणले नव्हते. निवासी अकादमी, मैदानं, लहान वयोगटाचे संघ, हे सगळं त्यांच्या आधीपासून उभं होतं. कमी होती ती शिस्तीची आणि आपण जिंकू शकतो या खात्रीची, आणि नेमका त्यातला माणूस आणला. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकलो. आणि २०२४-२५ ला तिसऱ्यांदा नागपूरला करंडक उचलला तेव्हा कोच होते विदर्भाचेच उस्मान गनी. म्हणून 'परदेशी की देशी' हा वाद मला फार कामाचा वाटत नाही.

भारतीय रग्बीत तर तुमचा उपाय करूनही झाला आहे. दक्षिण आफ्रिकेचा दिग्गज नास बोथा येऊन गेला. सेव्हन्सच्या, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीच्या, इतिहासातला सर्वोत्तम खेळाडू कोण म्हटलं की ज्याचं नाव पहिल्या ओळीत येतं, तो फिजीचा वैसाले सेरेवीही आपल्या संघांना शिकवायला आला. याहून मोठं नाव कुठून आणायचं? २०१६ पासून सेव्हन्स ऑलिंपिकमध्ये आहे, पण आपण अजून तिथवर पोहोचलो नाही. याचा दोष मी या दोघांना देणार नाही. मनिलाला जून २०१९ मध्ये आपल्या मुलींनी सिंगापूरला २१-१९ असं हरवलं, पंधरा जणींच्या रग्बीतला तो भारताचा पहिला विजय होता. त्या मुलींना त्यानंतर वर्षभर, महिन्यामागून महिना, कडवे सामने मिळाले असते तर त्या कुठे असत्या? ते सामने भरवणं कोचच्या हातात नसतं, ते संघटनेचं काम आहे.

शेवटी तुम्ही विचारलंत, "मग तुमच्या मते कोण?" टाळत नाही. मी परदेशी कोचला नाही म्हणणार नाही. पण करार चार वर्षांचा हवा, आणि त्याच्या हाताखाली पहिल्या दिवसापासून दोन भारतीय सहायक हवेत, त्यातली एक तरी निवृत्त महिला खेळाडू. निवड समितीतही खेळून बाहेर पडलेली एक खेळाडू बसावी, कारण आपल्या तालुक्यातल्या कबड्डी मंडळांपासून राष्ट्रीय संघापर्यंत, ज्यांना तो कोच सोसायचा असतो त्यांनाच कोणी विचारत नाही. आयर्लंडने नोव्हेंबर २०१८ मध्येच जाहीर करून टाकलं होतं की पुढच्या विश्वचषकानंतर श्मिटच्या जागी त्याचाच सहायक अँडी फॅरेल येईल. फॅरेल इंग्लंडचा, पण खेळाडूंना तो वर्षानुवर्षं ओळखीचा होता. २०२३ ला त्याने ग्रँड स्लॅम जिंकला. आपल्याकडे पुढचा मुख्य कोच आज सहायक म्हणून काम करत असायला हवा, आणि ते नाव संघटनेने आत्ताच सांगायला हवं.

तुमच्या मनात एखादं नाव असेल तर जरूर लिहा. फक्त सोबत हेही लिहा, भाऊ, की त्या माणसाने पहिल्या वर्षी नेमकं काय करावं अशी तुमची अपेक्षा आहे. त्यावर पुढे बोलू.