आजारी पडण्याचं ठिकाण

हवालदारसाहेब, डिसअ‍ॅबिलिटी पेन्शन हवी होती, तर आजारी कुठं पडायचं हे आधी ठरवायला नको होतं? सियाचीनला हिवाळा काढलात ना? मग रक्तदाब तिथंच वाढवायचा आणि तिथंच शिक्का मारून घ्यायचा. तुम्ही शिस्तीत खाली उतरलात, पुण्यात पंख्याखाली बसलात आणि दंडाला पट्टा बांधून घेतलात. झालं! आजाराची सुरुवात पीस स्टेशनला, म्हणजे शांततेच्या ठाण्यावर. मेडिकल बोर्डाने एका ओळीत लिहिलं, 'सेवेमुळे नाही, सेवेने वाढलेलाही नाही.' वर बर्फात जे साठलं त्याला रकाना नसतो.

तुम्ही 2004 साली घरी आलात. 1982 च्या पेन्शन नियमांत स्वच्छ लिहिलं होतं, की पुरावा सैनिकाकडे मागायचा नाही आणि रास्त शंकेचा फायदा त्यालाच द्यायचा. धरमवीर सिंह या सैनिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही 2013 मध्ये तेच सांगितलं: भरतीच्या कागदावर आजाराची नोंद नसेल, तर गडी धडधाकटच होता असं धरायचं, नाही म्हणायचं असेल, तर बोर्डाने कारणं द्यायची. फेफऱ्यामुळे धरमवीर 1994 मध्ये घरी आले होते. मधली 19 वर्षं तुम्हीही धीर धरा, घाई कसली?

पहिलं अपील करा, दुसरं करा, मग लष्करी न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ गाठा. तिथून आदेश निघेल: पुन्हा मेडिकल बोर्ड. ये रे माझ्या मागल्या! तोच पट्टा, तोच दंड, फक्त दंडातलं मांस उतरलेलं. त्या सकाळी गोळी घ्यायची की नाही, हे मात्र तुमचं तुम्ही बघा. घेतली तर आकडा खाली येतो, नाही घेतली तर तुम्ही.

आकड्यावरून आठवलं. अपंगत्वाचे 20 टक्के मिळाले, तर ते राउंड ऑफ करून 50 धरतात. 19 मिळाले तर भोपळा. शाळेत गणित कच्चं होतं म्हणून फौजेत गेलात ना? आता भोगा.

बोर्ड जुनी ओपीडीची चिठ्ठी मागेल. काळ्या ट्रंकेत बघा. वहिनींनी तळाला अंथरलेला कागद नीट उलगडा, घडीवरची तारीख बहुतेक पुसली असेल. आणि नातू भरतीला निघालाय म्हणे. त्याला सांगा, डॉक्टरने 'फिट' लिहिलं की आधी झेरॉक्स काढ, पेढे नंतर.