म्हणे, छाटलं की झाड मजबूत होतं!

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या सगळ्याच ज्ञानाला उत्तर देत बसलं तर दुसरं काही करायला नको. पण हा मेसेज आमच्या आत्यापर्यंत पोचला आणि तिने धरमपेठेतल्या घरचा जुना कडुनिंब 'साफ करायला' माणूस ठरवला. आता गप्प बसणं शक्य नाही.

मेसेज थोडक्यात असा: जंगलात वादळ फांद्या मोडतं, जनावरं साल खरवडतात, तरी झाडं शंभर वर्षं उभी राहतात. म्हणून शहरातलं झाड दरवर्षी खोडापर्यंत छाटा. जखम आपोआप भरते, वर डांबर फासा. नवी फूट दुप्पट जोमाने येते आणि झाड मजबूत होतं.

जंगलात टिकलेली झाडं दिसतात, कारण मेलेली कुजून मातीत गेलेली असतात. त्यांची मोजदाद मेसेज लिहिणाऱ्याने केलेली दिसत नाही. शिवाय दाट रानात खालच्या फांद्या सावलीमुळे हळूहळू सुकतात, आणि त्या गळून पडेपर्यंत झाडाने आतून बंदोबस्त केलेला असतो. आपण काय करतो? मांडीएवढी जिवंत फांदी भर मे महिन्यात उतरवतो आणि सावलीत वाढलेली साल नागपूरच्या उन्हात उघडी टाकतो.

आता 'जखम भरते' हे. काय बोलावं बाप्पा! अमेरिकेच्या वनखात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं करवतीने चिरून आत काय होतं ते पाहिलं आणि 1977 साली सहकाऱ्यासोबत ते मांडलं. झाड कुजलेलं लाकूड दुरुस्त करत नाही, त्याला कोंडतं. वर-खाली जाणारी कूज अडवणारी भिंत सगळ्यात कच्ची. सगळ्यात पक्की भिंत जखमेच्या वेळचं लाकूड आणि त्यानंतर वाढलेलं लाकूड यांच्यामध्ये उभी राहते. म्हणून बाहेरून हिरवंगार झाड आतून पोकळ असू शकतं. रस्त्याकडेच्या जुन्या कडुनिंबाचा एखादा काप जवळून बघा: कडेने जाड वळी चढलेली, मधे काळं भोक, त्यात पाणी आणि मुंगळे. जंगलात अशा ढोलीत पोपट संसार मांडतो आणि झाड पडलं तर पाचोळ्यावर पडतं. इथे खाली ऑटो स्टँड असतो.

फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं असतं. कूज अडवायची ताकद तिथेच. 'साफ' दिसावं म्हणून खोडाला घासून कापलं की नेमकं तेच कडं जातं. आणि डांबराने कूज थांबत नाही, हेही शायगो यांनी तपासूनच सांगितलं.

नवी फूट येते, हे कबूल. आपल्याकडच्या रानात साग बुडातून तोडला तरी फुटतो, वनखात्याने त्या फुटव्यावर जंगलं चालवली आहेत. पण ते कोंब जमिनीलगतचे. दहा फुटांवर थोटकं करून ठेवलेल्या फांदीला आलेले धुमारे वरवरच्या लाकडालाच चिकटलेले असतात. त्यांचा झुबका जड झाला की वावटळीत तेच आधी उपटतात. आणि तो 'जोम' म्हणजे पानं गेल्यामुळे साठवलेला स्टार्च मोडून चालवलेली धडपड. दरवर्षी छाटलं की साठा संपतो. त्यात बुंध्यापर्यंत सिमेंट रोड, म्हणजे मुळांचेही हालच.

सुकलेली, तारांवर आलेली फांदी काढावीच लागते. त्यावर भांडण नाही. जाड असेल तर आधी थोडं लांबून खालच्या बाजूने अर्धवट काप घ्या, मग त्याच्या जरा पुढे वरून कापा, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. उरलेलं थोटूक कड्याच्या बाहेरून काढा. आणि माणूस ठरवण्याआधी महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी घ्या. राज्याच्या 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यातून आडवं करणं नव्हे, त्याला इजा करणंही त्यातच येतं.